लोखंडी रंधा जुळवायचा क्रम: धार आधी, तळ शेवटी

नवा लोखंडी रंधा घरी आला की बहुतेक जण सगळ्यात आधी त्याचा तळ घासायला घेतात. दोन रविवार त्यात जातात, दंड भरून येतात, तळ आरशासारखा चमकतो, आणि तरीही रंधा सागावर नाचतोच. कारण दोष तळात नव्हता. तो धारेत होता, नाहीतर चिपब्रेकरच्या, म्हणजे पात्यावर बसणाऱ्या लोखंडी पट्टीच्या, खालच्या फटीत.

मीही हेच केलं होतं. नाशिकला पंचवटीत आमच्या शेजारी एक मिस्त्री काका राहायचे. बाभळीच्या लाकडाचा, पाचरीचा रंधा वापरण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी अंगणात ग्रॅनाइटच्या तुकड्यावर एमरी पेपर टाकून रंधा घासत होतो. ते थांबले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, चटणी वाटतोयस का?" मग रंधा हातात घेऊन उलटा केला, एक डोळा मिटून तळावरून उजेडाकडे पाहिलं, पात्यावर अंगठा आडवा फिरवला. "धार मेलीय याची. तळ घासून काय होणार?"

खालचा क्रम साध्या 4 किंवा 5 नंबरच्या रंध्यासाठी आहे, म्हणजे ज्यात पातं 45 अंशांवर बसतं, पात्याचा उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू, खाली असतो आणि वर चिपब्रेकर असतो. 4 नंबरचा रंधा साधारण साडेनऊ इंच लांब, 5 नंबरचा चौदा इंच, पातं दोन्हीत 2 इंच म्हणजे 50 मिमीच्या आसपास. शेवटचा हात मारायला 4 नंबर, जाड काढायला 5. एकच घ्यायचा असेल तर माझं मत 5 नंबरला.

तयारी: आधी हे जमवा

सपाट पृष्ठभाग हवा. किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा मार्बलच्या दुकानात मिळून जातो, पण तो सपाट असेलच असं नाही. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून उभी, आडवी, तिरकी फिरवा. खालून उजेड दिसला तर तो तुकडा तिथेच ठेवा. कडप्पा तर घेऊच नका. 10 मिमी जाडीची काच चालते, फक्त ती सपाट आधारावर पूर्ण टेकलेली हवी. अंबड-सातपूरमध्ये ओळखीचं वर्कशॉप असेल तर तिथल्या सरफेस प्लेटवर (मोजमापासाठीच्या अचूक सपाट पाटावर) रंधा नुसता ठेवून बघू द्या म्हणा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि तळ खरोखर वाकडा आहे की आपल्यालाच तसं वाटतंय, याचा निकाल तिथे लागतो.

बाकी सामान: फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो), गुण्या, व्हर्निअर, मार्कर पेन, धार लावायचे दोन दगड (एक 1000 नंबरचा, एक बारीक, 4000 ते 6000 च्या दरम्यानचा) किंवा त्याऐवजी काचेवर चिकटवलेला वॉटरपेपर, पातं धरायचं होनिंग गाइड, चामड्याची पट्टी, मेणबत्ती आणि शिलाई मशीनचं तेल.

सरावाला लगेच साग घेऊ नका. पॅकिंगच्या पाइनची सरळ रेषेची फळी बरी.

1. उघडा आणि पुसा

लिव्हर कॅप (पातं वरून दाबून धरणारा तुकडा) काढा, पातं आणि चिपब्रेकर बाहेर घ्या, फ्रॉगचे (पातं ज्यावर टेकतं त्या तिरक्या बैठकीचे) दोन स्क्रू सैल करून फ्रॉगही उचला. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून फासलेलं चिकट ग्रीस रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने पुसा. फ्रॉग जिथे बसतो त्या जागेवर रंगाचे थेंब वाळलेले असतात, ते बोथट पटाशीने खरवडून काढा. एवढ्या थेंबानेही फ्रॉग डुलतो.

सावध: स्क्रू कुठला कुठे होता याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

2. पात्याची पाठ

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. एक पृष्ठभाग उतार, दुसरा पाठ. लोक उतारावर तासभर घालवतात आणि पाठीला हात लावत नाहीत. तिथे कारखान्याच्या मशीनचे ओरखडे तसेच राहतात, आणि प्रत्येक ओरखडा धारेला जिथे मिळतो तिथे धारेला एक खाच असते.

पाठ पूर्ण घासायची गरज नाही. टोकाकडचा 1 सेमी पट्टा पुरे. त्यावर मार्करने रेघा मारा, पातं 1000 च्या दगडावर सपाट दाबा आणि मागेपुढे चालवा. शाई धारेपर्यंत सगळीकडे गेली की बारीक दगडावर या. कोपरे राहिले तर घाई करू नका; धारेचा एक कोपरा जरी खाली राहिला तरी तिथून लाकडावर रेघ उमटत राहते.

पाठ फारच खोलगट असेल तर एक सोपी युक्ती आहे. बारीक दगडाच्या एका काठावर अर्धा मिमी जाडीची स्टीलपट्टी ठेवा, पात्याचा मागचा भाग तिच्यावर टेकवा आणि फक्त टोक दगडावर चालवा. अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कोन पडतो आणि दहा-बारा फेऱ्यांत धारेजवळचा चिंचोळा पट्टा चकचकतो. रंध्याच्या पात्यालाच हे करा. पटाशीला कधीच नाही, कारण पटाशीची पाठ सपाटच लागते.

तपासणी: पाठीवर खिडकीचं प्रतिबिंब धारेपर्यंत अखंड दिसलं पाहिजे.

3. उताराची धार

मूळ उतार 25 अंशांचा ठेवा आणि त्याच्या टोकाला 30 अंशांची बारीक दुसरी धार द्या. दोन्ही बाजूंनी पातं पकडणारं साधं होनिंग गाइड असेल तर आकडे पाठ करायला सोपे आहेत: गाइडच्या पुढे पातं 50 मिमी आलं की 25 अंश, 38 मिमी आलं की 30 अंश. प्रत्येक वेळी पट्टीने मोजण्यापेक्षा फळीच्या तुकड्यावर या दोन अंतरांना दोन ठोकळे ठोकून ठेवा.

उतारावर मार्कर फासा. 30 अंशांवर दगडावर पातं चालवा, मागे ओढताना दाब द्या, पुढे नेताना हलका हात ठेवा. काही फेऱ्यांनंतर पाठीच्या बाजूने बोट धारेवरून बाहेरच्या दिशेने फिरवा. बारीक खरखर लागली पाहिजे. कारखान्यातली माणसं तिला बर म्हणतात. ती डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली नाही, तर पुढच्या दगडावर जायचं नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. बर येण्याआधी बारीक दगड घेतला तर बोथट कडेलाच पॉलिश होतं.

आता बारीक दगड. इथे दोन्ही कोपऱ्यांवर बोटाने थोडा जास्त दाब देऊन आठ-दहा फेऱ्या मारा, म्हणजे कोपरे केसभर मागे जातील. नाहीतर रुंद फळीवर पात्याचे कोपरे पट्टे काढतात आणि हात फिरवला की पायऱ्या लागतात. शेवटी पाठ दगडावर सपाट टेकवून बर काढा आणि चामड्यावर चार-पाच हात ओढा.

सावध: धारेला मोठा तुटका असेल म्हणून ग्राइंडरवर गेलात, तर दर दोन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा. धार निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं असं समजा. तेवढा भाग घासून टाकण्यावाचून मग इलाज नाही.

तपासणी: कागद कापून बघू नका, बोथट पातंही कागद कापतं. पाइनच्या फळीचं टोक, म्हणजे रेषांच्या आडवं, पात्याने हातानेच कापून पाहा. कापलेली जागा गुळगुळीत, थोडी चकाकती दिसली तर धार आहे. पांढुरकी, चिरडलेली दिसली तर पुन्हा दगडाकडे.

4. चिपब्रेकर: इथे वेळ घाला

रंध्यातला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा हा. नावावरून वाटतं की छिलका तोडणं एवढंच त्याचं काम. प्रत्यक्षात तो वर येणाऱ्या छिलक्याला धारेच्या अगदी जवळ पुढे ढकलतो, त्यामुळे लाकडाचा रेषा धारेच्या पुढे फाटत जाण्याआधीच कापला जातो. पेठ-सुरगाण्याकडच्या सागात रेषा जागोजागी वळतो, गाठीपाशी उलटतो. अशा लाकडावर चिपब्रेकर नीट बसलेला असेल तर तोंड (तळातली, पातं बाहेर येतं ती फट) बारीक करायची फारशी गरजच पडत नाही.

आधी त्याची खालची कड. पातं आणि चिपब्रेकर एकमेकांना लावून स्क्रू आवळा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. दोघांच्या मधून उजेड दिसला तर तिथे छिलका घुसणार, पुढचा त्याच्यावर चढणार, आणि दोन मिनिटांत रंध्याच्या तोंडात बोळा. चिपब्रेकरची खालची कड दगडावर घासा, पण त्याचं मागचं टोक दगडाच्या पातळीपेक्षा थोडं खाली ठेवा, म्हणजे पुढची कडच पात्याला टेकेल. मग वरच्या बाजूने, पुढच्या टोकाला, साधारण 50 अंशांचा अगदी अरुंद उतार द्या आणि तो बारीक दगडावर गुळगुळीत करा. छिलका याच जागेवर आदळतो.

बसवताना चिपब्रेकर धारेवरून ओढू नका. तो पात्याला आडवा धरा, स्क्रू भोकातून घालून धारेपासून दूर सरकवा, मग फिरवून पात्याच्या रेषेत आणा आणि हळूच पुढे ढकला. शेवटच्या क्षणी धार खराब करायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे इथली घाई.

अंतर किती? शेवटच्या हाताला धारेपासून 0.3 मिमीच्या आसपास, म्हणजे लग्नपत्रिकेच्या कागदाच्या जाडीइतकं. जाड काढायचं असेल तेव्हा 1 मिमी. छिलका बघून अंतर जुळवा: तो घट्ट गुंडाळीत आला तर चिपब्रेकर लांब आहे, तोंडातून बराचसा सरळ वर उभा येत असेल तर जागेवर आहे, आणि पंख्याच्या घड्यांसारखा चुरगळून येत असेल तर फार जवळ आहे.

स्क्रू पूर्ण आवळल्यावर अंतर पुन्हा बघा. आवळताना चिपब्रेकर हमखास थोडा पुढे सरकतो.

5. फ्रॉग

यावर फार वेळ घालवायचा नाही. फ्रॉगचा वरचा उतार आणि तळाच्या तोंडामागचा उतार एका रेषेत यावेत, पात्याला खालपर्यंत आधार मिळावा, दोन्ही स्क्रू घट्ट असावेत, आणि तोंडाची फट दोन्ही बाजूंना सारखी असावी. फट 1 मिमीच्या आसपास चालते. फ्रॉग पुढे ढकलून तोंड अगदी बारीक करणारे लोक चिपब्रेकरही जवळ आणतात, मग छिलक्याला बाहेर पडायला जागाच राहत नाही. दोन्ही उपाय एकदम करू नका.

6. बसवणी आणि खोली

लिव्हर कॅपचा मधला स्क्रू इतकाच आवळा की खटका अंगठ्याने बसेल आणि मागचं पितळी चाक बोटाने फिरेल. चाक फिरवायला पक्कड लागत असेल तर स्क्रू फार आवळलेला आहे. पातं हाताने हलत असेल तर फार सैल.

रंधा उलटा करा, मागे पांढरा कागद धरा, तळावरून नजर लावा. चाक फिरवत जा. बहुतेक रंध्यांत मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पातं बाहेर येतं. तोंडातून काळी रेघ डोकावली की थांबा. ती एका बाजूला जाड असेल तर वरचा, डावी-उजवीकडे हलणारा दांडा त्याच बाजूला जरासा ढकला आणि पुन्हा बघा.

डोळ्यावर भरवसा नसेल तर बोटाच्या लांबीची पातळ लाकडी चिरफळी घ्या आणि ती तोंडावरून आधी डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने ओढा. दोन्हीकडे सारखाच आवाज आणि सारखीच भुकटी निघाली की पातं समांतर. पात्यावर बोट फिरवून बघू नका. मी एकदा बघितलं होतं, त्याची खूण अजून आहे.

सावध: चाकाला ढिल असते, फिरवलं तरी पहिला अर्धा-पाऊण वेढा पातं हलतच नाही. पातं आत घेऊन तसंच काम सुरू केलं तर दोन हातांत ते आणखी मागे सरकतं, आणि माणूस म्हणतो रंधा सेटिंग धरत नाही. म्हणून शेवटची हालचाल नेहमी पुढच्या दिशेची: हवं त्यापेक्षा जास्त आत घ्या, मग पुढे आणत थांबा.

7. पहिली चाचणी

पाइनच्या सरळ फळीची अरुंद कड शिकंज्यात धरा. बाजूने पाहा: रेषा पुढे जाताना वर चढत असतील तर त्याच दिशेने रंधा मारा. तळावर मेणबत्तीच्या दोन रेघा ओढा. इतक्या स्वस्त गोष्टीचा इतका फरक दुसऱ्या कशाचा नाही.

सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, मध्ये दोन्हीवर, शेवटी मागच्या मुठीवर. हा दाब बदलला नाही तर फळीची दोन्ही टोकं खाली जातात, आणि मग लोक तळाला दोष देतात.

छिलका चार पदरी दुमडून व्हर्निअरमध्ये मोजा. चार पदरांचे 0.2 मिमी आले तर एक छिलका 0.05 मिमी. शेवटच्या हाताला एवढं पुरे. बरेच जण इथेच थांबू शकतात. छिलका सलग, सारख्या रुंदीचा, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येत असेल तर पुढची पायरी सोडून द्या.

8. तळ, आणि तोही गरज असेल तरच

तळाचा दोष कसा ओळखायचा? पातं थोडं बाहेर काढलं तर काहीच निघत नाही, आणखी केसभर काढलं की एकदम जाड छिलका निघतो, मधलं काही जमतच नाही, असं असेल तर तोंडाजवळ तळ खोलगट आहे. रंधा सपाट काचेवर ठेवून पुढून-मागून टिचकी मारली आणि तो झुलला, तर मध्ये फुगलेला आहे. फिलर गेजची 0.05 मिमीची पट्टी पुढच्या टोकाखाली, तोंडाच्या पुढे आणि मागच्या टोकाखाली जात नसेल तर तळाला हात लावू नका. इतर ठिकाणी खोलगट असलं तरी चालतं.

घासायचाच असेल तर पातं आणि लिव्हर कॅप नेहमीइतकी आवळून बसवा, फक्त पातं दोन-तीन मिमी आत घ्या. लिव्हर कॅपच्या ताणाने रंध्याचं बीड (ओतीव लोखंड) किंचित वाकतं. पातं काढून सपाट केलेला तळ पातं बसवल्यावर पुन्हा वाकडा होतो.

80 नंबरच्या एमरी पेपरचा पट्टा रंध्याच्या दुप्पट लांबीचा घ्या आणि तो काचेला पूर्ण चिकटवा. सुटा कागद रंध्याच्या पुढे लाटेसारखा उठतो आणि पुढची-मागची कड गोल करतो. माझा पहिला रंधा असाच केळ्यासारखा झाला होता, आणि अंगणातली ती चटणी हीच. तळावर मार्करने आडव्या रेघा मारा. रंधा मुठींना धरू नका. दोन्ही हात रंध्याच्या अंगावर, मधोमध आणि खाली धरा. दर वीस फेऱ्यांनी रंधा उलट दिशेला फिरवा, लोखंडाची भुकटी ब्रशने झाडा, कागद बोथट झाला की बदला. शाई पुढच्या टोकापासून, तोंडाच्या पुढच्या कडेवरून आणि मागच्या टोकावरून गेली की झालं. मध्ये कुठे शाई राहिली तर राहू द्या. मग 120 आणि 220. आरसा करायची गरज नाही.

नाशिककरांना एक मोह होतो: एमआयडीसीत कुणीतरी ओळखीचं आहे, सरफेस ग्राइंडरवर दोन मिनिटांत करून देईल. देईल, पण मॅग्नेटिक चक (मशीनची चुंबकाने पकडणारी बैठक) वाकलेला रंधा खाली ओढून सरळ धरतो, ग्राइंडिंग होतं, चुंबक बंद केला की रंधा पुन्हा मूळच्या वाकाला जातो. करून घ्यायचंच असेल तर खाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) लावून, ताण न देता धरायला सांगा, पातळ पातळ कट घ्यायला सांगा आणि शेवटी चुंबकत्व काढून मागा. नाहीतर महिनाभर तळाला लोखंडाची भुकटी चिकटत राहते आणि लाकडावर काळे ओरखडे येतात.

9. सागावर जाण्याआधी

सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. अर्ध्या फळीनंतर रंधा जड वाटायला लागला तर जोर वाढवू नका, पातं काढा. चामड्यावर दहा हात मारून बऱ्याचदा भागतं.

जुन्या वाड्याचं लाकूड घेतलं असेल, आणि नाशिकमध्ये ते बऱ्याच जणांकडे येतं, तर आधी तारेच्या ब्रशने माती काढा आणि मग स्पीकरचा जुना चुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवा. तुटलेले खिळे आत दडलेले असतात. वरून दिसतो फक्त एक काळा डाग.

फळीला पीळ आहे का तेही आधी बघा. सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि त्यांच्या वरच्या कडा एकमेकींवर जुळवून पाहा. पीळ असेल तर उंच असलेल्या कोपऱ्यांपासून तिरका रंधा मारा. लांबीने मारत बसलात तर पीळ तसाच राहतो, फळी मात्र पातळ होते.

10. काम संपल्यावर

तोंडातला भुसा ब्रशने काढा. भुसा ओल धरतो, आणि आषाढात एका रात्रीत तळावर गंजाची नक्षी उमटते. मशीनच्या तेलाने भिजवलेली चिंधी डब्यात ठेवा आणि दर वेळी तळावर, पात्यावर फिरवा. खोबरेल लावू नका. नाशिकच्या थंडीत ते गोठून पांढरं होतं, भुसा धरतं, आणि सकाळी चाक फिरेनासं होतं. पातं एक वेढा आत घ्या आणि रंधा पातळ लाकडी पट्टीवर एक टोक टेकवून ठेवा, म्हणजे धार कशाला लागत नाही. पुढच्या वेळी काढाल तेव्हा चाकाची ढिल आधी काढून घ्यायला विसरू नका.